महाशिवरात्र पुढे ढकलता येत नाही

ॲमेझॉनच्या लॅम्ब्डा या सेवेत एखादं काम नव्याने लावलं आणि लावणाऱ्याने सेटिंगच्या पानाला हात लावला नाही, तर त्या कामाला उरकायला तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात झालं तर झालं, नाहीतर यंत्र ते काम अर्ध्यावर टाकून मोकळं होतं. ही मुदत पंधरा मिनिटांपर्यंत वाढवता येते. त्यासाठी एका चौकटीत आकडा लिहायचा, एवढंच. पण तो लिहायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला त्याच पानावर 'पुढे' असं लिहिलेलं एक देखणं बटण खुणावत असतं. आता या तीन सेकंदांत गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीत काय होतं ते पाहा. सेतू केंद्रातलं पोरगं म्हणतं, "आधार द्या जी." समोरचे काका सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढतात, तिच्यातून दुसरी पिशवी काढतात, तिच्यातून रबर लावलेलं पुडकं काढतात, रबर हरवू नये म्हणून मनगटात चढवतात, आणि पुडक्यातला पहिला कागद उलगडून विचारतात, "हे पाय बरं, हेच आहे का?" ते लाइटबिल असतं, तेही मागच्या उन्हाळ्यातलं.

जाणकार हरकत घेतील की यंत्राचे तीन सेकंद वेगळे आणि काकांची पिशवी वेगळी. माणसाची वाट पाहायला निराळी मुदत असते, तिला सेशन म्हणतात. हरकत रास्त आहे. असंख्य संकेतस्थळांच्या पोटात अजूनही असलेल्या पीएचपी या भाषेत ही मुदत मुळात 1440 सेकंद धरलेली आहे. म्हणजे पडदा चोवीस मिनिटं नुसता उघडा राहिला तर यंत्राने समजावं की माणूस उठून गेला. चोवीस मिनिटं ऐकायला ऐसपैस वाटतात. पण ओटीपी ज्या मोबाइलवर येणार तो मोबाइल मुलाकडे असतो, मुलगा रोवणीला बांधीत उतरलेला असतो, आणि बांधीत रेंज नसते. मुलाला बोलवायला गेलेला पुतण्या वाटेत पानठेल्यावर थांबतो. पंचविसाव्या मिनिटाला धावतपळत ओटीपी येतो आणि पडद्यावर अक्षरं उमटतात: 'आपले सत्र समाप्त झाले आहे.' संगणकीय मराठीतलं सर्वांत शुद्ध, सर्वांत निर्दोष वाक्य हेच असतं, कारण ते सर्वांत जास्त वेळा वाचलं जातं.

क्लाउडवर माहिती चाळण्याची, जोडण्याची, मोजण्याची सेवा भाड्याने घेताना पहिल्या पानावर जे प्रश्न येतात, ते तसे मोजके आणि सोपे असतात. काम कुठल्या शहरातल्या यंत्रांवर चालवायचं? कमीत कमी किती यंत्रं, जास्तीत जास्त किती? एक काम किती वेळ चालू द्यायचं, आणि फसलं तर पुन्हा किती वेळा करून पाहायचं? घड्याळ कुठल्या देशाचं? कुणाला कशाला हात लावू द्यायचा? या प्रत्येक प्रश्नाचं एक उत्तर कंपनीने आधीच भरून ठेवलेलं असतं, म्हणजे रिकामं सोडलं तरी गाडी चालू लागते. गूगलच्या डेटाप्रॉकवर यंत्रांचा ताफा मागितला आणि बाकी काहीच बोललं नाही, तर एक मुख्य यंत्र आणि दोन हाताखालची यंत्रं मिळतात. हे उत्तर चुकीचं नसतं. ते फक्त कुणासाठीच नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की हे पान मुंबई-पुण्यात बसून नीट भरलं नाही तर ते काम संपत नाही. ते चामोर्शीला येतं, आणि तिथे ते रोज, उभ्याने, हाताने करावं लागतं. क्लाउडवाल्यांच्या जाहिरातीत 'आम्ही सगळा भार उचलतो' असं असतं. भार उचलला जातो हे खरं आहे. कुणी उचलायचा यावर मतभेद आहे.

'पुढे' दाबून सुटणाऱ्या त्या इंजिनिअरला आळशी म्हणायचा अधिकार मात्र आपल्यापैकी कुणालाही नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक गृहनिर्माण संस्था सहकार खात्याचे आदर्श उपविधी जसेच्या तसे मंजूर करतात आणि पुढची वीस वर्षं त्यांतल्या पार्किंगच्या कलमावरून भांडतात. कलम मंजूर होताना सगळे सभासद बटाटेवड्याकडे पाहत असतात. आपल्या टीव्हीचा रंग अजून दुकानात होता तोच असतो. प्रस्तुत लेखकाच्या फोनची रिंगटोन कंपनीने दिलेली आहे, आणि ती कुठेही वाजली की बसमधले अकरा जण खिसे चाचपतात, त्यांत तोही असतो. तेव्हा कार्यालयात हा संवाद होणं अगदी मनुष्यस्वभावाला धरून आहे. "सर, इथे काय आकडा टाकू?" "मागच्या प्रोजेक्टला काय होतं?" "रिकामं होतं." "मग चाललं ना ते?" "चाललं." "मग कशाला हात लावतोस?" या शेवटच्या प्रश्नावर जगात अजून कुणाला उत्तर सुचलेलं नाही. नमुना म्हणून घड्याळ घ्या. या सेवांची घड्याळं बदलली नाहीत तर जागतिक वेळेवर चालतात, म्हणजे आपल्यामागे साडेपाच तास. तिथे तारीख बदलते तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. आता तालुक्यात नेट जरा बरं चालण्याची वेळ कुठली? पहाटेची, शहाणी माणसं झोपलेली असतात तेव्हाची. नोंदणी एक तारखेला सुरू होणार म्हणून एखादा पहाटे चार वाजता उठून बसला, तर अशा घड्याळाच्या हिशेबाने तो आदल्या महिन्यात असतो, आणि 'नोंदणी अद्याप सुरू झालेली नाही' हे उत्तर त्याला मिळतं. लवकर निजे लवकर उठे हे ज्यांनी आपल्याला शिकवलं, त्यांना हा धोका दिसला नव्हता.

आता पहिली मोठी हरकत. "अहो, तुम्ही सेटिंगला काय दोष देता? चामोर्शी आहे कुठे ते बघा. गडचिरोली जिल्हा, तीन चतुर्थांश जंगल, रेल्वे म्हणाल तर वडशाला. इतक्या लांब कुठलंही काम उशिरानेच पोचणार." हे भूगोलाच्या मास्तरांना पटेल, पदार्थविज्ञानाच्या मास्तरांना पटणार नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चामोर्शी हजारेक किलोमीटर धरा. तेवढं अंतर कापायला त्याला एका सेकंदाचा दोनशेवा भाग लागतो. म्हणजे एका सेकंदात तो मुंबईला शंभर वेळा जाऊन परत येऊ शकतो, आणि मधे जेवायला थांबत नाही. शिवाय यंत्रं आता परदेशात ठेवावी लागतात अशातलाही भाग नाही. मायक्रोसॉफ्टने 2015 साली पुण्यात, ॲमेझॉनने 2016 साली मुंबईत आणि गूगलने 2017 साली मुंबईत आपली केंद्रं उघडली. नोव्हेंबर 2022 मध्ये ॲमेझॉनने हैदराबादही जोडलं, आणि हैदराबाद तर चामोर्शीहून मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर. महाराष्ट्र सरकारने जानेवारी 2018 मध्ये सार्वजनिक क्लाउडचं धोरण जाहीर केलं, असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. तेव्हा अंतराचा हिशेब मांडला तर मार्गावर खर्च होतो सेकंदाचा शंभरावा भाग, आणि सेतू केंद्रापुढच्या बाकावर खर्च होते दुपार. या दोहोंतला फरक जंगलात हरवत नाही.

रेंज जाते हे मात्र खरं, आणि त्यावर विनोद करणं बरं नव्हे. पावसाळ्यात लाइट जाते, लाइटमागे टॉवर जातो, रस्ता रुंद करणारं यंत्र तारेला घेऊन जातं आणि मग तीन गावं एका झाडाखाली एकत्र येतात, कारण त्या झाडाखाली दोन दांड्या दिसतात. पण रेंज जाते हे धरून चालायचं की येते हे धरून, हाही एक निर्णयच आहे, आणि तो घेता येतो याचा पुरावा सरकारनेच दिला आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने बांधावर उभं राहून पिकाचा फोटो घ्यायचा असतो. त्या ॲपमध्ये पुढे नोंद फोनमध्येच ठेवून रेंजमध्ये आल्यावर वर चढवायची सोय झाली. कुणीतरी, कुठेतरी, एका पानावर थांबून विचार केला असणार की धानाच्या बांधीत टॉवर उगवत नाही. त्या अनाम माणसाला तालुक्याने एकदा पानसुपारीला बोलवायला हरकत नाही. एका ठिकाणी हे जमलं म्हणजे दुसऱ्या ठिकाणी जंगल आडवं येतं असं म्हणायची सोय उरत नाही. दुसऱ्या ठिकाणी मात्र पडद्यावर गोल फिरत राहतं, आणि त्याकडे पाहत दोन पिढ्या बोलत राहतात. "झालं का जी?" "घुमून राह्यलं." "मंग आता?" "घुमू द्या." "किती वेळ?" "ते त्याच्या मनावर आहे."

फसलेलं काम पुन्हा कधी आणि किती वेळा करायचं, हे तर या विद्येतलं सर्वांत सुंदर प्रकरण. पाठ्यपुस्तक सांगतं की लगेच पुन्हा दाबू नये. आधी एक सेकंद थांबावं, मग दोन, मग चार, मग आठ. दमलेल्या यंत्रावर सगळ्यांनी एकदम तुटून पडू नये म्हणून दर वेळी थांबणं दुप्पट करावं. हा नियम चामोर्शीच्या सेतू केंद्रात अक्षरशः पाळला जातो. "चहा पिऊन या." "जेवून या." "उद्या या." "सोमवारी या." पुढची पायरी 'दिवाळीनंतर पाहू' अशी असते आणि तिथवर पोचलेला अर्ज सहसा शांत झालेला असतो. फरक एवढाच, की पुस्तकातल्या नियमात थांबायचं यंत्राने असतं. आणि जिथे यंत्रालाही नीट सांगितलेलं नसतं, तिथे निराळीच गंमत होते. ॲमेझॉनचीच एसक्यूएस नावाची रांग सांभाळणारी सेवा आहे. तिच्यातला निरोप एखाद्या यंत्राने उचलला की तो तीस सेकंद बाकीच्यांपासून लपवून ठेवला जातो. तीस सेकंदांत काम पुरं झाल्याचं त्या यंत्राने कळवलं नाही, तर निरोप पुन्हा रांगेत दिसू लागतो आणि दुसरं यंत्र तेच काम हाती घेतं. पहिलं यंत्र मेलं नसून फक्त रेंगाळलं असेल, तर एकच काम दोनदा होतं. हे टाळायची तजवीज आधीच करायची असते. ती न केल्यास पुढचा संवाद घडतो. "पैसे कटले का?" "कटले जी." "पावती?" "नाही आली." "मग?" "पुन्हा एकदा दाबून पाहू." "पुन्हा कटले तर?" "ते वापस येते सात दिवसांत." "आणि नाही आले तर?" "तर मग पावती येते." याच रांगेत चार दिवस कुणी न उचललेला निरोप आपोआप पुसला जातो, तोही कंपनीचाच भरलेला आकडा. सरकारी कपाटातल्या फायलींना हे वैभव लाभलेलं नाही, त्या बिचाऱ्या चिरंजीव आहेत.

दुसरी हरकत मात्र वजनदार आहे, आणि ती घेणारे आवाज चढवून घेतात. "लोक शेवटच्या दिवशी कशाला येतात? महिनाभर काय करत होते?" महिनाभर ते रोवणी करत होते, हे एक उत्तर झालं. दुसरं उत्तर मार्कंड्याला आहे. चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंडादेवाची जुनी दगडी मंदिरं आहेत आणि महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. तालुका लोटतो, नदीपलीकडून चंद्रपूर जिल्हा लोटतो. ही सगळी माणसं त्याच एका दिवशी येतात; महिनाभर काय करत होता, असं महादेव त्यांना विचारत नाही. आणि एसटीही विचारत नाही. ती पंचांग पाहते आणि जादा गाड्या सोडते, यात्रा उठली की गाड्या आपापल्या डेपोत परत जातात. क्लाउडमध्ये यालाच ऑटोस्केलिंग म्हणतात. गर्दी वाढली की यंत्रं वाढावीत, ओसरली की कमी व्हावीत, आणि भाडं वापरलेल्या वेळेपुरतंच लागावं. क्लाउड घ्यायचा तो मुख्यतः याच एका गुणासाठी. पण त्यासाठी पहिल्या पानावर 'जास्तीत जास्त किती' ही चौकट विचार करून भरावी लागते. ती भरली नसेल किंवा भीतभीत भरली असेल, तर मग यंत्रांऐवजी दुसरी एक गोष्ट ताणावी लागते, आणि आपल्याकडे ती फार पटकन ताणली जाते, तिचं नाव मुदत. 2023 च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला, दीड कोटीवर अर्ज लोटले, आणि 31 जुलैची अखेरची तारीख 3 ऑगस्ट झाली. लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीची 18 नोव्हेंबर 2025 ही तारीख 31 डिसेंबर झाली. आयकराने तर कमाल केली. विवरणपत्रांची मुदत आधी 31 जुलै 2025 होती, ती 15 सप्टेंबर झाली, आणि 15 तारखेच्या रात्री एका दिवसाने वाढून 16 झाली. शिवाय त्या वाढीव दिवसातले मध्यरात्रीपासून अडीच वाजेपर्यंतचे तास दुरुस्तीसाठी पोर्टल बंद राहील, असंही त्याच निवेदनात होतं. एसटीने मात्र आजवर कधी गाड्या कमी आहेत म्हणून महाशिवरात्र तीन दिवस पुढे ढकलल्याचं जाहीर केलेलं नाही.

इथे कुणी म्हणेल की मुदतवाढ ही माणुसकी आहे. आहेच. पण तिने एक शिकवण दिली आहे आणि जनता शिकली आहे. अखेरची तारीख जाहीर झाली की चामोर्शीतला अनुभवी माणूस पहिल्यांदा विचारतो, "हे पहिली अखेरची आहे का दुसरी?" पहिली असेल तर तो निवांत घरी जातो. त्यामुळे गर्दी पुन्हा शेवटच्या अखेरीला होते, पोर्टल पुन्हा बसतं, मुदत पुन्हा वाढते, आणि दोन्ही बाजूंना आपापला अंदाज खरा ठरल्याचं समाधान मिळतं. यंत्रं वाढवायला पैसे पडतात, हा हिशेबनीसाचा मुद्दाही खोटा नाही. 'जास्तीत जास्त' मोकळं सोडलं आणि कुठल्या प्रोग्रॅमला वेड लागलं, तर महिनाअखेरीचं बिल पाहून खात्याचा सचिव बसतो, म्हणून प्रत्येक जण त्या चौकटीत आपल्याला शिव्या बसणार नाहीत इतका लहान आकडा लिहितो. पण हिशेब करायचा तर पुरा करावा. यंत्राचं भाडं सेकंदावर लागतं, छापील बिल येतं, लेखापरीक्षक त्यावर शेरा मारतो. बाकावर बसलेल्या मावशीची बुडालेली रोजी, येण्याजाण्याचं तिकीट, पुन्हा काढलेली झेरॉक्स आणि मधे घेतलेला चहा यांचं बिल कुठल्याच खात्यावर येत नाही, म्हणून ते स्वस्त. ज्या खर्चाची पावती फाटत नाही तो खर्च झालाच नाही, अशी आपल्या लेखाशास्त्राची जुनी समजूत आहे. क्लाउडने तीही आहे तशीच ठेवून घेतली.

तिसरी हरकत जुन्या लोकांची. पूर्वी काय सगळं सुरळीत होतं? तलाठी भेटायचा नाही, भेटला तर दप्तर नसायचं, दप्तर असलं तर किल्ली नसायची. अगदी खरं. 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा निघतो, हल्ली पंधरा रुपयांत, आणि तो निघाल्यावर कुणाच्याही कुशलाची चौकशी करावी लागत नाही, हे सुख ज्याने जुने दिवस पाहिले त्यालाच कळेल. हा लेखही त्या दप्तराकडे परत चला असं म्हणायला लिहिलेला नाही. पण तलाठ्याच्या डोक्यात एक सेटिंग होतं. आधारवरचा बिजा आणि सातबाऱ्यावरचा बिजू हा एकच माणूस आहे, आणि तो कुठे राहतो, कुणाचा जावई आहे, दोन वर्षांमागे त्याचा बैल कुणाच्या शेतात शिरला होता, हे त्याला ठाऊक असायचं. यंत्राला सांगितलेलं नसेल तर त्याच्या लेखी ते दोन निराळे शेतकरी, एकाकडे जमीन आणि दुसऱ्याकडे बँकेचं खातं. या तालुक्यात मराठी, गोंडी, तेलुगू आणि निर्वासित म्हणून येऊन वसलेल्यांची बंगाली, इतक्या बोलींतली नावं नांदतात. ती कुणीतरी ऐकून मराठीत लिहिलेली, मराठीतून कुणीतरी इंग्रजीत टाइप केलेली, त्यांत एक 'ए' की दोन 'ए' हे त्या दिवशीच्या ऑपरेटरच्या हुक्कीवर ठरलेलं. नावं किती जुळली म्हणजे एक मानायची, हे यंत्राला आकड्यात सांगता येतं. शंभर टक्के हाही एक आकडाच, आणि सर्वांत कमी विचार करून लिहिता येणारा. मग धान विकायला आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर नाव नोंदवायला निघालेला माणूस आधी स्वतःच स्वतः असल्याचं प्रतिज्ञापत्रावर लिहून देतो. अंगठ्याचंही तेच. चिखलात रोवणी करणाऱ्या हाताच्या रेषा झिजतात, मशीन म्हणतं पुन्हा प्रयत्न करा, आणि ऑपरेटर आपली विद्या सांगतो: "बोट कपाळावर घासा जी, थोडं तेल लागू द्या." घासलेलं बोट पाचव्यांदा उमटतं तेव्हा आजूबाजूचे सगळे हुश्श करतात.

परवानग्यांचं पान सर्वांत लांब असतं म्हणून सर्वांत कमी वाचलं जातं. नियम सांगतो की ज्याला जेवढं लागतं तेवढंच उघडून द्यावं. व्यवहारात साहेबांच्या नावाचा, डिजिटल सहीचा डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असतो, ओटीपी साहेबांच्या मोबाइलवर येतो, आणि साहेब जिल्ह्याला व्हीसीवर असतात. इकडे नागरिकांचे पासवर्ड शंभर पानी वहीत असतात, नावापुढे मोबाइल, मोबाइलपुढे पासवर्ड, आणि खाडाखोड नको म्हणून सगळ्यांचा एकच. अख्ख्या गावाचं गुपित त्या वहीत. वहीच्या मुखपृष्ठावर गणपती, आणि सुरक्षेची जबाबदारी बऱ्याच अंशी त्याच्यावर.

यावर उपाय काय, असं विचारायची पद्धत आहे. उपाय कठीण नाही. ते पहिलं पान ज्याच्या हातात आहे त्याने एखाद्या अखेरच्या तारखेला चामोर्शीला यावं, आधारवर एक आणि सातबाऱ्यावर दुसरं नाव घेऊन बाकावर बसावं, आणि संध्याकाळी परत जाऊन त्या सात-आठ चौकटी भराव्यात. पाचच मिनिटांचं काम. आक्षेप एकच येईल, की एवढ्यासाठी दौरा कसा मंजूर करायचा? करता येईल. दौऱ्याचा अर्ज हल्ली ऑनलाइनच असतो. त्यात जिल्हा निवडायचा, मग तालुका निवडायचा. गडचिरोली निवडल्यावर यादीत चामोर्शी सापडणार नाही, घाबरू नये. मागे जाऊन चंद्रपूर निवडावं. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला वेगळा झाला, पण यादी त्याच्या आधीची आहे, आणि चालतेय म्हणून तिला कुणी हात लावलेला नाही.